डाव्या हाताची आहुती

माझ्या बनारसच्या घरमालकांइतका सरळ माणूस मी पाहिलेला नाही, आणि त्यांच्याइतका जाणूनबुजून वाकड्यात शिरणारा तर नाहीच नाही. रोज पहाटे गंगेत डुबकी मारून यायचं, ओला पंचा खांद्यावर टाकून गल्लीच्या वळणावर उभं राहायचं आणि देशातल्या सगळ्यात ताकदवान माणसाची खडूनं यथासांग टिंगल करायची. ती झाली की घरी जाऊन देवपूजा. देवपूजेनंतर पोहे. यात वर्षानुवर्षं खंड नाही.

बँकेनं माझी बदली साताऱ्याहून थेट बनारसला केली, तेव्हा आईनं डोळ्याला पदर लावला होता. काशीला माणूस म्हातारपणी जातो अशी तिची समजूत. ऑफिसातल्या एकानं सांगितलं, ब्रह्मा घाटावर एका मराठी मास्तरांची वरची खोली रिकामी आहे, घरच्यासारखी राहशील. गेले. मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. पहाटे चारला नळ येतो, उठशील का? माकडं आली तर किंचाळशील का? आणि चित्र दिसतं का?

"दिसतं का म्हणजे? डोळे आहेत की मला," मी म्हटलं. माझं तोंड तेव्हाही असंच होतं.

"अगं, बघतात सगळेच. जाऊ दे. चढव सामान."

त्यांचं मराठी ऐकून मला सुरुवातीला फार हसू यायचं. पाच पिढ्या काशीत. त्यांचे अर्धे शब्द पेशवाईतले आणि अर्धे चौकातले. "तुजला फुरसत मिळाली की खाली ये, जरा मशवरा करावयाचा आहे," असं एका दमात बोलून जायचे, आणि आपण काही गंमतीचं बोललो याचा पत्ताही नसायचा. मला ते 'बँकवाली' म्हणायचे. मी त्यांना मास्तर म्हणायची, बाकी सगळी गल्ली गुरुजी म्हणायची.

त्यांचा फळा म्हणजे शाळेतला जुना काळा फळा. शाळेनं नवे फळे घेतले तेव्हा यांनी तो मागून आणला आणि घराच्या बाहेरच्या भिंतीवर ठोकला. त्याआधी त्यांची चित्रं इथल्याच एका हिंदी पेपरात यायची. एके दिवशी संपादक म्हणाले, गुरुजी, जरा हळू हातानं काढा. मास्तर म्हणाले, माझा हात हळूच आहे, तुमचंच काळीज जोरात धडधडतंय. झालं, तिथून उठले ते परत गेले नाहीत. तेव्हापासून हा फळा. सत्तेवर कोण आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. आधीच्यांचीही टिंगल केली, त्याआधीच्यांचीही. माणूस खुर्चीतून उतरला की त्याच दिवशी त्याची टिंगल सोडून द्यायचे. एकदा पडलेल्या नेत्याबद्दल मी काहीतरी खवचट बोलले, तर माझ्याकडे असं पाहिलं की मी ताटात बघायला लागले.

मी गेले तेव्हा दिल्लीत जे साहेब होते, त्यांचा दबदबा काय सांगावा! त्यांच्याविषयी बोलताना आमच्या शाखेतले लोक दार लोटून घ्यायचे. आणि इकडे मास्तर भर रस्त्यात त्यांना रोज उभं करायचे. पण तोंड कधी काढलं नाही. नेहमी पाठमोरे. खांद्यावर शाल आणि गर्दीला अभिवादन करणारा उंच उजवा हात, बस. मी विचारलं, तर म्हणाले, "तोंड तर सगळ्यांना पाठ आहे. पाठ कोणी बघतच नाही."

चित्रं तरी कसली! एकात साहेब मंदिराच्या दाराशी, जोडे सांभाळणाऱ्याकडे जोड्यांबरोबर स्वतःचे दोन्ही कान काढून देताहेत आणि तो बिचारा त्यांना टोकन देतोय. दुसऱ्यात साहेब उद्घाटनाची फीत कापताहेत, आणि ती फीत म्हणजे एका बाईची कपडे वाळत घालायची दोरी. सगळे कपडे चिखलात. ती बाई काही ओरडत नाही, नुसती कंबरेवर हात ठेवून उभी. मला ती बाई माझ्या मावशीसारखी वाटली. चार रेषांत आख्खी मावशी! मी त्या दिवशी बँकेत उशिरा गेले आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

गल्लीतला एक सांड फळ्याला पाठ घासायचा. कधी साहेबांचा हात जायचा, कधी डोकं. मास्तर चिडायचे नाहीत. "त्याला पटलं नसेल," म्हणून पुन्हा काढायचे.

आता त्यांचा सगळ्यात अजब नियम सांगते. फळ्यासमोर एक दहीवाला होता. साहेबांचा परमभक्त. दुकानात देवांच्या तसबिरींच्या वर साहेबांचा फोटो, त्याला रोज ताजा हार. चित्र काढून झालं की मास्तर सगळ्यात आधी त्याला बोलवायचे. तो हात पुसत, कपाळाला आठ्या घालत यायचा. "गुरुजी, आज फिर?" मास्तर म्हणायचे, "इसमें झूठ क्या है, बताओ." तो अर्धा तास हुज्जत घालायचा. त्याला खोटं दाखवता आलं नाही की चित्र पास. मग मास्तर पान तोंडात टाकायचे. त्याआधी नाही.

एकदा त्यानं खरंच दाखवून दिलं. चित्रात साहेबांच्या तोंडी जे वाक्य होतं ते साहेबांचं नव्हतंच, त्यांच्या एका मंत्र्याचं होतं. मास्तरांनी आत जाऊन जुना पेपर काढला, चष्मा लावून वाचला, बाहेर आले, आणि भर गल्लीत त्या दहीवाल्यासमोर दोन्ही कान पकडले. सत्तरी ओलांडलेला माणूस! मग फळा पुसून नव्यानं काढायला लागले. मी वरून बघत होते. माझ्या आयुष्यात मी एवढा मोठा माणूस एवढ्या जवळून पाहिला नव्हता, हे मी आज सांगते.

संध्याकाळी दिवेलागणीला ते ओल्या फडक्यानं फळा स्वच्छ पुसायचे. "निर्माल्य झालं," म्हणायचे. कागदावर एक प्रत नाही, कुठे नोंद नाही. माझा जीव तीळ तीळ तुटायचा. मी भांडले. "मास्तर, लोक असल्या कलेसाठी जीव टाकतात, आणि तुम्ही फडकं मारता?"

"अगं, चूक झाली असली तर तीही रात्रीपर्यंत जाते ना. उद्या सकाळी मी मोकळा."

मला हे पटलं नाही. मला कुठलीच गोष्ट चटकन पटत नाही, हा माझा जुना रोग. मी खिडकीतून फोनवर फोटो काढायला लागले. आधी फक्त बहिणीला पाठवायची. मग मैत्रिणींच्या ग्रुपवर. मग कुठून कुठे जायचे देव जाणे. मास्तरांकडे साधा बटणांचा फोन, त्यांना यातलं काहीच कळत नव्हतं. आपण एक मोठं काम करतोय, असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर बँकेत परिपत्रक लागलं होतं: कर्मचाऱ्यानं राजकीय मजकूर पसरवला तर सरळ निलंबन. मी वाचून सही केली होती. भाऊ इंजिनिअरिंगला होता, आई माझ्या पगारावर होती. तरी पाठवत राहिले. कोण बघतंय, हा माज.

मग तो होमाचा दिवस उजाडला.

चित्रात साहेब यजमान म्हणून होमाला बसलेले. मागे लोकांची रांग, प्रत्येकाच्या हातात आपापल्या घरातली तुपाची वाटी. साहेब त्यातलं तूप अग्नीत घालताहेत, आणि वर धुराचा जो लोट उठलाय त्याला साहेबांच्या शालीचा आणि उंच केलेल्या हाताचा आकार. मी खिडकीतून बघितलं आणि म्हटलं, वा मास्तर! लगेच फोटो काढला आणि पाठवला. दहीवाल्याचं दुकानसुद्धा उघडलं नव्हतं.

शेजारचे घनपाठी आजोबा घाटावरून परत येत होते. वेद उलटे, सुलटे, गुंफून म्हणणारे जे मोजके लोक उरलेत त्यातले ते. फळ्यासमोर थांबले. तांब्या खाली ठेवला.

"मास्तर, डाव्या हातानं आहुती?"

मास्तरांनी पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. झालं होतं असं, की साहेबांचा उजवा हात वर काढायची त्यांच्या हाताला इतकी सवय, की तो आपोआप वर गेला आणि तुपाची पळी डाव्या हातात आली. आमच्या साताऱ्यात हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. इथे पाच मिनिटांत चार वैदिक गोळा झाले. उजवा हात मोडलेला असेल तर यजमानानं काय करावं, यावर दोघांची जुंपली. एकानं सूत्र म्हटलं, दुसऱ्यानं त्यावरचं भाष्य. चित्रात देशाचे सर्वेसर्वा बसलेत, त्यांची बिनपाण्यानं केलेली आहे, याच्याकडे एकाचंही लक्ष नाही!

मास्तर फडकं आणायला आत पळाले. पण पुसून काय होणार होतं? चूक माझ्या फोनमधून सुटली होती. फळ्यावर ती संध्याकाळपर्यंतही जगली नसती. माझ्यामुळे ती दुपारपर्यंत सगळ्या देशात पोचली. कुणी म्हणे साहेबांचा अपमान, कुणी म्हणे होमाचा अपमान. संध्याकाळी चौकीवर तक्रार गेली.

मी मास्तरांना सगळं सांगितलं. बँकेचं परिपत्रकही सांगितलं. रडले. ते म्हणाले, "रडू नको. चूक चित्रात आहे, ती माझी."

"मास्तर, माफी लिहून द्या आणि मोकळे व्हा. माझी नोकरी जाईल हो." हे मी बोलले. 'माझी' म्हणाले, 'तुमचं काय होईल' असं माझ्या तोंडून निघालं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचे सात-आठ कार्यकर्ते आले, बरोबर चौकीचे दरोगा. सगळी गल्ली गोळा झाली. मी वर, खिडकीचं दार अर्धं लोटून, त्याच्या आड.

"गुरुजी, माफी माँगिए," त्यांच्यातला पुढारी म्हणाला.

"माफी? हाँ हाँ, क्यों नहीं," मास्तर म्हणाले, आणि माझा जीव भांड्यात पडला. मला वाईटही वाटलं. दोन्ही एकदमच.

मास्तरांनी खडू घेतला आणि फळ्याच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, आधी मराठीत, खाली हिंदीत: 'परवा मी या फळ्यावर आहुती डाव्या हातानं दाखवली. ही माझी चूक. अग्नीची आणि वैदिक मंडळींची हात जोडून क्षमा मागतो. दुरुस्त चित्र खाली देत आहे.'

आणि काढायला लागले. तोच होम, तीच रांग, तोच धूर. पळी आता उजव्या हातात, बोटांची ठेवणसुद्धा शास्त्राप्रमाणे. पण मग अभिवादन कोण करणार? तर साहेबांच्या मागे त्यांनी एक छोटासा माणूस काढला, घामाघूम झालेला. त्याच्या हातात एक लांब काठी, काठीला ठोकलेला लाकडी हात, आणि तो बिचारा साहेबांच्या वतीनं तो हात गर्दीकडे हलवतोय.

घनपाठी आजोबा चित्राच्या अगदी जवळ गेले, नीट पाहिलं आणि मान डोलावली. "आता बरोबर."

आणि दहीवाला फुटला. साहेबांचा परमभक्त, पोट धरून हसायला लागला. "अरे गुरुजी! ये लकड़ी वाला हाथ!" त्याच्यामागे सगळी गल्ली. दरोग्यांनी खोकल्याचं सोंग करून रुमाल तोंडाला लावला. आलेल्यांपैकीही दोघे हसले. मला खिडकीच्या आड रडू येत होतं आणि हसू आवरत नव्हतं. डोक्यावर तक्रार, समोर पोलीस, आणि या म्हाताऱ्याला चिंता कशाची, तर आहुतीचा हात बरोबर आलाय का!

पण पुढारी हसला नाही. त्यानं फोन उंच धरला. "फोटो किसने भेजा? गुरुजी के पास तो ऐसा फोन है नहीं. कौन है वो?"

हसणं थांबलं. मास्तरांनी खडूचे हात धोतराला पुसले. वर माझ्या खिडकीकडे पाहिलं नाही. एकदासुद्धा नाही. दरोगा हळूच म्हणाले, "चलिए गुरुजी, चौकी पर बात कर लेते हैं." मास्तर निघाले. त्यांच्यामागे दुकान तसंच उघडं टाकून दहीवाला निघाला. मी खाली उतरले नाही.

दुपारी ते परत आले, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी फळा कोरा होता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही कोरा. आठ दिवस गेले. तक्रार मिटली होती, माझ्या बँकेत कुणी काही विचारलं नव्हतं. मी वाट बघत होते, आता काढतील, आता काढतील. शेवटी राहवलं नाही.

"मास्तर, घाबरलात?"

ते गहू निवडत होते. वर न बघता म्हणाले, "हो. घाबरलो. वय झालं आता."

मला इतका राग आला! कुणाचा कुणावर काढला ते आज कळतं. मी म्हटलं, "मग इतकी वर्षं शूरपणाचं नाटक कशाला केलंत? एका दरोग्यानं दम दिला आणि शेपूट घातलंत?"

"चहा घेतेस का?" त्यांनी विचारलं.

मी घेतला नाही. त्यानंतर वर्षभर मी त्या घरात राहिले, पण पूर्वीसारखं बोलणं उरलं नाही. ऑफिसात सांगायची, अहो, शेवटी सगळे मातीचेच. बदली नागपूरला झाली. निघताना त्यांच्या पाया पडले ते रीत म्हणून.

दोन वर्षांनी बँकेच्या एका प्रशिक्षणासाठी पुन्हा बनारसला जावं लागलं. जायचं नाही असं ठरवूनही पाय ब्रह्मा घाटाकडे वळलेच. फळा तिथंच होता, कोरा, धुतलेला. दहीवाल्यानं ओळखलं, स्टूल पुसून दिलं. साहेबांचा फोटो जागेवर, हार ताजा. दह्याचं मातीचं कुल्हड माझ्या हातात देऊन म्हणाला, "दीदी, अब सुबह किससे झगड़ूँ? मज़ा ही चला गया."

"गुरुजी डर गए," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याचा आवाज चढला. "कौन डर गया? गुरुजी?" आणि त्यानं सगळं सांगितलं. चौकीत तो स्वतः मास्तरांच्या शेजारी बसला होता. दरोग्यांनी दोन वाटा ठेवल्या होत्या. फोटो कुणी पाठवला ते नाव सांगा आणि घरी जा. आपल्या भिंतीवर खडूनं काय हवं ते काढा, आम्हाला घेणं नाही. नाव सांगायचं नसेल, तर सगळं आपल्या अंगावर घ्या आणि लिहून द्या, की या फळ्यावर पुन्हा कधी चित्र काढणार नाही. दहीवाल्यानं स्वतः मास्तरांचे हात धरले होते: गुरुजी, नाव सांगून टाका, पोरगी तरुण आहे, दुसरी नोकरी मिळेल, तुम्हाला दुसरं काय आहे? मास्तर म्हणाले, कागद द्या. सुंदर अक्षरात लिहिलं आणि सही केली.

"मुझसे कसम ली थी," दहीवाला म्हणाला, "जब तक आप बनारस में हैं, आपको न बताऊँ. बोले, बड़ी तेज़ लड़की है, सुनेगी तो खुद थाने जाकर नाम बता देगी, नौकरी गँवा बैठेगी."

मी कुल्हड खाली ठेवलं. माझ्यासाठी त्या माणसानं आपला उजवा हात कापून दिला होता, आणि वर मी त्याला शेपूट घातलं म्हणाले होते. आणि तो काय समजून बसला होता? की ही पोरगी बाणेदार आहे, कळलं तर धावत जाईल. मी गेले असते? खिडकीचं दार कुणी लोटलं होतं? मीच ना!

मी तशीच त्यांच्या घरात शिरले. मास्तर खिडकीपाशी बसले होते. खूप वाळले होते. "कोण? बँकवाली का? ये ये. कधी आलीस?"

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सगळं बाहेर पडलं. "मास्तर, मला आज कळलं. दहीवाल्याला तुम्ही म्हणालात, मी चौकीत जाऊन नाव सांगितलं असतं. मी नसते गेले हो. मी तेव्हा आडच उभी होते. तुम्हाला माझ्याबद्दल भलतंच वाटलं. मी नसते गेले."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"अगं, ते मजला ठाऊक होतं," मास्तर म्हणाले. "पण ते त्याला कशाला सांगायचं?"